‘सायकलवरून पडला’ एवढंच सांगू नका!

संध्याकाळचे सव्वासात वाजलेत. क्लास सुटलाय. तुम्ही आणि तुमचा मित्र सायकलवरून घरी निघालात. तो दहा-बारा फूट पुढे, तुम्ही मागे. रस्ता नेहमीचाच. तेवढ्यात एक टेम्पो तुम्हाला घासून पुढे जातो. त्याची मागची कड मित्राच्या हँडलला लागते. मित्र डाव्या खांद्यावर आपटतो. टेम्पो थांबत नाही. नंबर बघायचं भानच नसतं.

रिक्षा, हॉस्पिटल, केसपेपर, कॅज्युअल्टी. ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, “काय झालं?” तुम्हाला धाप लागलेली असते. मित्र कळवळत असतो. शिवाय दोघांच्याही डोक्यात एकच विचार असतो, की पोलिसांचं लफडं नको आणि घरी बोलणी नकोत. मग तुम्ही म्हणता, “सायकलवरून पडला, डॉक्टर.”

डॉक्टर तेच लिहितात. का नाही लिहिणार? सांगणारे तुम्हीच असता.

एक्स-रे निघतो. डावं कॉलरबोन मोडलेलं असतं. उपचार अगदी व्यवस्थित होतात. पण एक गोष्ट मात्र गडबडलेली असते. टेम्पो रस्त्यावरून पळाला होताच, आता तो कागदावरूनही पळाला.

ह्या तीन शब्दांचं पुढे काय होतं, ते आज समजून घेऊया. तुमच्यापैकी कुणी लाइफ सायन्स, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा आयुर्वेद-होमिओपॅथी करत असेल, तर ‘मेडिकल कोडिंग’ हा शब्द प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डवर नक्की वाचला असेल. आणि तुम्ही बी.कॉम. किंवा इंजिनीअरिंगला असाल, तरी वाचा. कारण सायकलवरून पडायला डिग्री लागत नाही.

बदकाने मारलं, तर कोड कुठला?

जगभरात आजार आणि दुखापती मोजण्यासाठी एक मोठी यादी वापरतात, तिचं नाव आयसीडी. सुरुवात जुनी आहे. झाक बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. वेगवेगळ्या देशांनी एकच आजार वेगवेगळ्या नावांनी लिहिला, तर तुलना कशी करायची, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. १९४८ पासून ही यादी जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अधिकृत झाली. पण अनेक ठिकाणी रोजचं काम अजून दहाव्या आवृत्तीवरच, म्हणजे आयसीडी-१० वरच चालतं.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची वाढवलेली आवृत्ती वापरायला घेतली. तिला आयसीडी-१०-सीएम म्हणतात आणि तिच्यात जवळपास ७० हजार कोड आहेत. हा आकडा जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत त्यावर भरपूर विनोद झाले. बदकाचा फटका बसला तर त्याला कोड आहे. माणूस जेट विमानाच्या इंजिनात ओढला गेला, तर त्यालाही आहे. इतकंच नाही, तर इंजिनात ओढला गेलेला माणूस पुढच्या तपासणीला आला, तर त्यासाठीचं वेगळं अक्षरही आहे.

हसून झालं? आता कामाचा भाग.

दुखापत झाली की आयसीडी दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, शरीराला काय झालं? त्याचे कोड प्रामुख्याने ‘एस’ आणि ‘टी’ अक्षरांपासून सुरू होतात. दुसरा प्रश्न, ते कशामुळे झालं? त्याचे कोड ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ आणि ‘वाय’ अक्षरांत असतात. मोडलेलं हाड पहिल्या प्रश्नात येतं, टेम्पो दुसऱ्या प्रश्नात. बदकही दुसऱ्यातच येतं.

सायकलवाल्याचे दहा कप्पे

व्ही-१० ते व्ही-१९ हे दहा कप्पे फक्त सायकलस्वारांसाठी आहेत. सायकल कशाला धडकली, किंवा सायकलला काय धडकलं, त्यावरून कप्पा ठरतो.

पायी चालणारा माणूस किंवा प्राणी असेल, तर व्ही-१०. गल्लीतलं कुत्रं आडवं आलं आणि त्याला धडकलात, तर तुम्ही इथे. दुसरी सायकल, तर व्ही-११. दुचाकी किंवा तीनचाकी मोटार वाहन, तर व्ही-१२. कार, पिकअप किंवा व्हॅन, तर व्ही-१३. ट्रक, बस असं जड वाहन, तर व्ही-१४. रेल्वे, तर व्ही-१५. बैलगाडीसारखं बिनमोटारीचं वाहन, तर व्ही-१६. डिव्हायडर, खांब अशी एका जागी असलेली वस्तू, तर व्ही-१७. कुणालाच न धडकता पडलात, म्हणजे खड्ड्यात आपटलात किंवा ओल्या रस्त्यावर घसरलात, तर व्ही-१८. आणि बाकीचं सगळं, म्हणजे ‘नक्की कळत नाही’ सकट, व्ही-१९.

त्यापुढच्या आकड्यात आणखी माहिती असते. सायकल तुम्ही चालवत होतात की कॅरिअरवर डबलसीट होतात? घटना सार्वजनिक रस्त्यावर घडली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये? रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला बहुतेक वेळा .४ लागतो.

आता आपल्या मित्राकडे या. ‘सायकलवरून पडला’ या वाक्याचा कोड होतो व्ही-१८.४. अर्थ काय, तर रस्त्यावर कुणाशीही टक्कर झाली नाही, गडी आपला आपण पडला. ‘टेम्पोने उडवलं’ असं सांगितलं असतं, तर? थांबा, इथे अजून एक गंमत आहे. टेम्पो म्हणजे नेमका कुठला? तीनचाकी असेल, तर व्ही-१२. ‘छोटा हत्ती’सारखा चारचाकी असेल, तर व्ही-१३. मोठा मालवाहू असेल, तर व्ही-१४. आपण रस्त्यावर या सगळ्यांनाच टेम्पो म्हणतो. यादीला ते चालत नाही.

आणि काही गोष्टी यादीतही मावत नाहीत. पार्क केलेल्या कारचं दार अचानक उघडलं आणि सायकलवाला त्यावर आदळला, हा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आयसीडी-१० च्या मूळ दहा कप्प्यांमध्ये त्याला स्वतःचा कप्पा नाही. म्हणजे कोड कुठलाही पडो, ‘दार उघडलं’ ही गोष्ट फक्त डॉक्टरांनी लिहिलेल्या वाक्यातच जिवंत राहते.

ई-सायकल वापरता का? अमेरिकेच्या यादीत १ ऑक्टोबर २०२२ पासून इलेक्ट्रिक सायकलस्वारासाठी वेगळे कोड आले. पण ते सायकलच्या दहा कप्प्यांत नाहीत, मोटारसायकलच्या गटात आहेत. म्हणजे नोटमध्ये नुसतं ‘सायकल’ लिहिलं आणि बॅटरीचा उल्लेख राहिला, तर जखमी माणूस थेट दुसऱ्याच गटात मोजला जातो.

स्क्रीनसमोर बसलेला कोडर

हे कोड टाकतं कोण? अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं बरंच कोडिंग भारतात होतं. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या ऑफिसांत बसलेली मुलं-मुली तिकडच्या पेशंटच्या नोट्स वाचून कोड लावतात. त्यातले कितीतरी तुमच्याच कॉलेजांमधून गेलेले असतात. या क्षेत्रातली सीपीसी ही ओळखीची परीक्षा अमेरिकेतली एएपीसी ही संस्था घेते. चार तास, १०० बहुपर्यायी प्रश्न, पासिंगला ७० टक्के आणि कोडची पुस्तकं सोबत न्यायला परवानगी. ‘ओपन बुक’ ऐकून खूश होऊ नका. तिथे पाठांतराचा कस लागत नाही, वाचण्याचा लागतो.

कोडरला एक नियम पहिल्या दिवसापासून शिकवतात. जे लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही. कॉलरबोन मोडल्याचं लिहिलंय, पण कुठल्या बाजूचं हे नोंदींत कुठेच लिहिलेलं नाही, तर ‘डॉक्टर विसरले असतील’ म्हणून आपल्या मनाने काही घालायचं नाही. विचारायचं असेल, तर डॉक्टरांना रीतसर प्रश्न पाठवायचा. त्याला ‘क्वेरी’ म्हणतात. आणि त्या क्वेरीतसुद्धा उत्तर सुचवायचं नसतं.

एक उदाहरण बघा. एस ४२.०२२ए. याचा अर्थ, डाव्या कॉलरबोनच्या मधल्या भागाचं, जागेवरून सरकलेलं फ्रॅक्चर, त्वचा न फाटलेलं, सध्या मुख्य उपचार सुरू. एवढ्याशा कोडमध्ये हाड, भाग, बाजू, सरकलंय की नाही, जखम उघडी की बंद, उपचाराचा टप्पा असं सगळं आहे. शेवटचं अक्षर ‘ए’ म्हणजे पहिली भेट असं अनेकांना वाटतं, आणि परीक्षेत नेमकं तिथेच मार्क जातात. मुख्य उपचार चालू असेपर्यंत ‘ए’च राहतं, डॉक्टर बदलले तरी. हाड नीट जुळतंय ना हे बघायला पेशंट येऊ लागला की ‘डी’. मागे काही कायमचं दुखणं राहिलं, तर ‘एस’.

मग ‘कशामुळे’ हा भाग? तो कोड कधीच पहिल्या नंबरवर लिहायचा नसतो. आधी दुखापत, मागून कारण. आणि अमेरिकेत तो सगळ्यांना सरसकट सक्तीचाही नाही. एखाद्या राज्याने किंवा पैसे देणाऱ्या कंपनीने मागितला, तर द्यावा लागतो, बाकी ठिकाणी ‘दिलात तर बरं’ असं आहे. बिलाचा हिशेब मुख्यतः दुखापत आणि उपचार यांवर होतो. त्यामुळे घाईच्या दिवशी सगळ्यांत आधी काय सुटत असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. हाडाची नोंद पक्की होते, टेम्पोची राहून जाते.

मोजलं, म्हणून दिसलं

‘राहिली नोंद तर राहिली, हाड तर जुळलं ना?’ असं वाटत असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोत काय झालं ते बघा.

रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणायचे, असं या शहराने २०१४ मध्ये ठरवलं. त्यासाठी कुठले रस्ते धोक्याचे आहेत ते कळायला हवं होतं. तोवर भिस्त होती पोलिसांच्या अपघात नोंदींवर. शहराच्या आरोग्य विभागाने त्या नोंदी सार्वजनिक हॉस्पिटलमधल्या ट्रॉमा सेंटरच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. तेव्हा असे अनेक जखमी सायकलस्वार समोर आले, ज्यांचा पोलिसांच्या कागदावर पत्ताच नव्हता. ते हॉस्पिटलात पोचले होते, पण रिपोर्ट झाला नव्हता.

दोन्ही नोंदी एकत्र धरून २०१७ मध्ये नकाशा नव्याने काढला गेला. त्यात दिसलं, की गंभीर आणि जीवघेण्या दुखापतींपैकी ७५ टक्के शहराच्या फक्त १३ टक्के रस्त्यांवर होतात. म्हणजे पैसा कुठे आधी खर्च करायचा, याचं उत्तर हातात आलं. हे कुठून आलं? कुणीतरी कॅज्युअल्टीत नीट विचारलं, कुणीतरी नीट सांगितलं आणि कुणीतरी ते नीट लिहिलं, तिथून.

याउलट विचार करा. एखाद्या चौकात दहा सायकलवाल्यांना दहा वाहनांनी उडवलं आणि दहाही जणांनी ‘पडलो’ म्हणून सांगितलं, तर आकडेवारी काय म्हणेल? या चौकात सायकलवाल्यांना बॅलन्स जमत नाही!

आपल्याकडे कोड कुठे आहेत?

खरं आहे. आपल्या कॅज्युअल्टीत पेशंट आला की लगेच व्ही-१३ वगैरे कुणी लिहीत नाही. पण डॉक्टरांचं ते पहिलं वाक्य आपल्याकडेही तितकंच जड असतं. किंबहुना जास्तच.

रस्ता अपघाताचा पेशंट आला की हॉस्पिटल सहसा ‘एमएलसी’, म्हणजे मेडिको-लीगल केस नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. पोलिसांकडून ही माहिती ई-डार या सरकारी प्रणालीत जाते. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी मिळून उभ्या केलेल्या आयरॅड या डेटाबेसचं ते पुढचं रूप आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून बनतात. तुमचा मित्र ‘आपला आपण पडला’ असेल आणि एमएलसीच झाली नसेल, तर तो यात कुठल्याही रकान्यात येणार नाही.

आता पैशाचं बोलू. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. अट काय? अपघात मोटार वाहनामुळे झालेला हवा, आणि पोलिसांकडून त्याची खात्री व्हायला हवी. कागदावर मोटार वाहनच नसेल, तर खात्री कशाची करणार?

टेम्पो पळून गेला, नंबर माहीत नाही, म्हणजे सगळं संपलं असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे ‘हिट अँड रन’मध्ये मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही गंभीर दुखापतच आहे. म्हणजे मित्राचं कॉलरबोन यात बसतं. अर्ज उपविभाग किंवा तालुका पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पण अर्जासोबतच्या कागदावर ‘सायकलवरून पडला’ असेल, तर पहिला प्रश्न कुठला येईल, हे सांगायला वकील लागत नाही.

वाहन सापडलं आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तरी तेच. हॉस्पिटलमध्ये पेशंटने सगळ्यांत आधी काय सांगितलं, ते विमा कंपनीचा वकील शोधून काढतो आणि पुढे ठेवतो. ‘बघा साहेब, हे स्वतःच म्हणालेत पडलो म्हणून.’

आणि वाक्य नुसतं कागदासाठी नसतं. उपचारांसाठीही असतं. ‘हँडल पोटात घुसलं’ असं सांगितलं, तर वरून साधा ओरखडा दिसत असला तरी डॉक्टर प्लीहा, यकृत, स्वादुपिंड यांचा विचार करतात. ‘हात टेकून पडलो’ म्हणालात, तर मनगटातलं ते छोटं स्कॅफॉइड हाड नीट तपासतात, जे पहिल्या एक्स-रेत अनेकदा चकवा देतं. ‘दोन मिनिटं काही आठवत नव्हतं’ हे सांगितलं, तर डोक्याकडे लक्ष जातं. ‘पडला’ या शब्दात यातलं काहीच नाही.

मग सांगायचं काय?

पाठ करायची गरज नाही. हे सहा प्रश्न फोनमध्ये टाकून ठेवा.

१. कशाने धडक दिली? दुचाकी, रिक्षा, कार, तीनचाकी की चारचाकी टेम्पो, ट्रक, बस? की कुणीच नाही?
२. कशी? मागून, समोरून, बाजूने घासून, दार उघडल्यामुळे?
३. कुठे? रस्त्याचं नाव, जवळची खूण, चौक की सरळ रस्ता.
४. कधी? अंदाजे वेळ, अंधार, पाऊस.
५. सायकल कुठली, साधी की बॅटरीची? चालवत होता की मागे बसला होता? हेल्मेट होतं का?
६. आधी काय आपटलं? शुद्ध गेली होती का, उलटी झाली का?

माहीत नसेल, तर ‘माहीत नाही’ म्हणा. ‘टेम्पो होता, नंबर दिसला नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. आणि उलटंही लक्षात ठेवा. खड्ड्यात पडला असाल, तर खड्डाच सांगा. भरपाईच्या आशेने नसलेली गाडी उभी करू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय खड्डाही कागदावरून गायब होतो.

नंतर केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड वाचा. ‘हिस्ट्री’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा. चूक असेल, तर लगेच नम्रपणे डॉक्टरांना दाखवा. आधीचं खोडायला सांगायचं नाही. तारीख-वेळ घालून खाली नवी नोंद करा, अशी विनंती करायची. जितका उशीर, तितकी शंका. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घ्या.

रस्त्यावर पडलेला अनोळखी असेल आणि तुम्ही फक्त त्याला हॉस्पिटलात पोचवलं असेल, तरी घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. पण तुम्ही काय पाहिलं, ते जाण्याआधी डॉक्टरांना सांगून जा. बेशुद्ध माणसाची ‘हिस्ट्री’ त्या क्षणी फक्त तुमच्याकडे असते.

आणि तुमच्यापैकी जे उद्या कॅज्युअल्टीत पेन धरून बसणार आहेत, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. पेशंट ‘पडलो’ म्हणाला, तर एक प्रश्न जास्त विचारा, “कशामुळे?” जे स्क्रीनसमोर कोडर म्हणून बसणार आहेत, त्यांनी व्ही-१९ टाकण्याआधी नोट पुन्हा एकदा, खालपर्यंत वाचा. बऱ्याचदा टेम्पो ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या किंवा नर्सच्या नोंदीत उभा असतो.

चला, पुन्हा त्या कॅज्युअल्टीत. डॉक्टर विचारतायत, “काय झालं?” यावेळी एक श्वास घ्या. “डॉक्टर, सव्वासातच्या सुमाराला, मेन रोडवर, चारचाकी टेम्पोने मागून हँडलला धडक दिली. हा सायकल चालवत होता, डाव्या खांद्यावर आपटला. शुद्ध गेली नाही. टेम्पो थांबला नाही, नंबर माहीत नाही.”

बोलायला वीस सेकंद लागतात. पोलिस येतील, दोन प्रश्न विचारतील. आई थोडी ओरडेल, मग हळद घातलेलं दूध देईल. पण टेम्पो कागदावर राहील.